दुपारी दीडची ओळ

“हा करा.”

“काय?”

“तोंड उघडा, दाजी. हा करा.”

अश्वजितनं तोंड उघडलं. त्याचा मेहुणा धम्मदीप खाटेवर वाकला, वास घेतला आणि झटक्यानं मागं झाला.

“आंबूस येऊन राहिलंय.”

“दोन डाव ओकलो मी. ओकल्यावर अत्तराचा वास येतो काय?”

सलाईनची नळी हलली. नर्सबाई लांबूनच ओरडल्या, “हात हलवू नका हो!”

अश्वजितचा चेहरा अजून लाल होता. तासाभरापूर्वी तर तो त्याच्याच दुकानातल्या लाल रेक्झीनसारखा दिसत होता. छातीत धडधड, डोक्यात घण, श्वास पुरेना. दारू सोडवायची गोळी चालू असलेल्या माणसानं दारू घेतली की नेमकं हेच होतं. बायकोला हे पाठ होतं, मेहुण्याला पाठ होतं, अश्वजितलाही पाठ होतं.

“मी पिलो न्हाई,” तो म्हणाला.

“न्हाईच पिला,” पायथ्याशी बसलेली त्याची आई धुरपताबाई म्हणाली. “जेवायला घरी आला तवा माझ्या म्होरं होता. दारूला हात लावला न्हाई माझ्या लेकानं.”

बायको प्रियदर्शनी उशाशी उभी होती. ती सलाईनचे थेंब बघत होती.

धम्मदीप खिडकीपाशी गेला. खाली लिंबाखाली त्याची पांढरी गाडी उभी होती. “ताई, ठरलं होतं ना आपलं? एक थेंब जरी गेला तर मी गाडी आणणार. आणली.”

*

गाडी कुठं नेणार, ते तिथल्या चौघांनाही माहीत होतं.

माळावरचं एक लांबलचक पत्र्याचं शेड. बाहेर व्यसनमुक्तीची पाटी, दाराला बाहेरून कुलूप. मागच्या वर्षी अश्वजितला तिथं चार महिने ठेवलं होतं. धम्मदीपनंच नेलं होतं, चांगल्या मनानं. पंधरवड्यातून एकदा घरी फोन, तोही शेजारी कुणीतरी उभं असताना. सुटून आल्यावर तेराव्या दिवशी अश्वजित पिऊन पडला.

त्या जागेबद्दल तो बोलत नसे. फक्त तेव्हापासून घराचं दार आतून लावायची पाळी आली की तो स्वतः उठायचा, कडी घालायचा, काढायचा, दार उघडून अंगण बघायचा आणि मग परत घालायचा. प्रियदर्शनीला वाटायचं, कुत्रं बघत असेल.

*

बसस्टँडच्या रस्त्यावर अश्वजितची टपरी. मोटारसायकलची, ट्रॅक्टरची सीटं तो शिवतो. देगलूरला गिऱ्हाईक तीन भाषांत घासाघीस करतं, त्यामुळं ‘परवडत नाही’ एवढं त्याला तिन्ही भाषांत येतं. जुनं सीट हातात घेतलं की मालक कसा बसतो ते तो सांगतो. “ह्याचं पाकीट उजव्या खिशात असतं. ह्याची बायको मागं एका अंगाला बसती अन् बॅग मधी ठेवती.” लोक हसतात, पण तपासून बघतात, आणि ते खरं निघतं.

हात कापायला लागल्यावर शिवण वाकडी जाऊ लागली. मग आधी एक क्वार्टर, नंतर सुई. मग दोन क्वार्टर, आणि सुई उद्या.

*

“पेशंट कुठाय?”

“आले न्हाईत. मीच आले.”

“बसा. बायका आधी येतात, नवरे मागून येतात.”

“सर, त्यांना न सांगता वरणात घालायची गोळी असती म्हणं. आमच्या शेजारच्या नीलाबाईनं पेपरात बघितली.”

“ती नाही देणार.”

“का हो?”

“तुमचं वरण खाऊन ते बाहेर जातील, पितील आणि कशानं जीव चाललाय ते त्यांना कळणारही नाही. गोळी जाणून घ्यायची असते. तुमच्या समोर, पण त्यांच्या हातानं.”

“मग पुन्हा कोंडायचं?”

“कोंडायचं कशाला, ताई? दारू तोडताना ज्याला फिट येते, भास होतात, त्याला थोडे दिवस वॉर्डात ठेवावं लागतं. जीव सांभाळायला. बाकीचा इलाज घरी राहून होतो. पंधरा दिवसांतून एका गुरुवारी इथं यायचं. डॉक्टर औषध बघतील, मी बोलेन, अधूनमधून रक्त तपासू. बुधवारी गट बसतो, त्यात सोडलेली माणसं असतात, सुटत नसलेलीही असतात. मधले दिवस आपलं घर, आपलं दुकान.”

“घरी तर बाटली बी भेटती की, सर.”

“भेटणारच. पोहायला कुणी कोरड्या विहिरीत शिकतं का?”

हे बोलणं दोन महिन्यांपूर्वीचं, नांदेडच्या दवाखान्यातलं, मानसिक आरोग्याच्या ओपीडीतलं. प्रियदर्शनीशी बोलणारे रेवणसिद्ध सर, तिथले समुपदेशक, मूळचे उदगीरचे. त्यानंतरच्या गुरुवारी अश्वजित आला. तपासणीनंतर सहा दिवस वॉर्डात राहिला आणि मग घरी गेला. घरी. हा शब्द त्यानं बसमध्ये बायकोला दोनदा विचारून घेतला. “घरी ना? म्हंजे घरीच ना?”

घरी येऊन त्याला आज छप्पन्न दिवस झाले होते.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना तो पूर्वी पाचव्या शीलाला खोकायचा. मद्यापासून दूर राहण्याचं ते शील. सगळ्या आवाजांत त्याचा एक खोकला. गेले आठ रविवार तो खोकला नव्हता. प्रत्येक वेळी धुरपताबाई पुढच्या रांगेतून मान वळवून बघायची आणि शेजारणीला कोपरानं ढोसायची.

*

सलाईन संपत आलं तेव्हा प्रियदर्शनीनं रेवणसिद्ध सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून खाटेवर ठेवला. धम्मदीपनं आपलं म्हणणं मांडलं. सरांनी ऐकून घेतलं.

“वाद नका घालू. लिहा,” सर म्हणाले. “सकाळपासून त्यांच्या तोंडात काय काय गेलं, वेळेसकट.”

प्रियदर्शनीच्या पिशवीत मुलीची नववीची वही होती. मागच्या पानावर तिनं लिहिलं:

सकाळी ६ – तांब्याभर पाणी.

६.३० – गोळी. माझ्या समोर.

७ – चहा, दोन खारी.

९ – भाकरी, पातळ वरण, ठेचा.

११ – दुकानात चहा. ग्यानोबानं पाजला.

“कोण ग्यानोबा?”

“बाजूचा गॅरेजवाला,” अश्वजित म्हणाला. “माळकरी हाय, सर. त्याच्यावर नका जाऊ.”

“खोकल्याचं औषध घेतलं?”

“न्हाई.”

“दाढी केल्यावर काही लावलं?”

“दाढीच केली न्हाई. बघा की.” फोनवर काय बघणार, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

“पुढं?”

दुपारी १.३० –

“दीडला घरी आलो जेवायला. भात खाल्ला.”

“आणि?”

प्रियदर्शनीनं ‘भात’ लिहिलं नाही. पेन धरून ती नवऱ्याकडं बघत राहिली. अश्वजित छताकडं बघत होता. पंखा फिरत होता. त्या ओळीपुढं काहीच येईना.

“आन् मी थंडावा दिला,” धुरपताबाई म्हणाली.

*

दीड वाजता ऊन असं होतं की टपरीचा पत्रा हात लावू देत नव्हता. अश्वजित घरी आला तेव्हा प्रियदर्शनी अंगणवाडीच्या मीटिंगला गेली होती. धुरपताबाईनं त्याचं तोंड बघितलं. “किती वाळलास रं आश्या.” माठाच्या मागं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली प्लास्टिकची बाटली तिनं काढली. ती बाटली रोज सकाळी हद्दीपलीकडच्या, तेलंगणातल्या गावातून दुधाच्या रिक्षात येते. धुरपताबाईनं फेस फुंकला आणि स्टीलचा गिलास भरून लेकाच्या हातात दिला.

“घे. झाडाचं पानी हाय. पोटाला गार.”

त्यानं घेतला. मग अजून अर्धा.

*

“शिंदी!” धम्मदीप जवळजवळ ओरडला. “मावशी, तुम्ही गोळी चालू असलेल्या माणसाला शिंदी पाजली?”

“मग? शिंदी काय दारू हाय?”

“नशा असते तिच्यात!”

“दारू दुकानात भेटती, बाबा. शिंदी झाडाला लागती. माझ्या बानं मला दात यायच्या आधी चमच्यानं पाजली. अन् नशा असती तर मी चाळीस साल पंचशील कसं म्हनले असते? पाचवं शील माझ्या तोंडून एक डाव चुकलं असंल तर सांगा. तुम्हीच सेक्रेटरी हाव ना विहाराचे?”

धम्मदीप हायस्कूलला विज्ञान शिकवतो. त्याला ताडी, किण्वन, टक्केवारी सगळं माहीत होतं. समजावायला त्यानं वर्गातल्यासारखं बोट वर केलं.

फोनमधून सरांचा आवाज आला. आता सावकाश. “आजी, सकाळी झाडावरून उतरवलेली गोड असते. दुपारपर्यंत तिची दारू होते. तुमचं चुकलं नाही, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एक विचारू? तुम्ही किती घेता?”

“मी? दोन गिलास. कवा तीन.”

“रोज?”

“सांजच्याला. रोज.”

“एखाद्या दिवशी नाही मिळाली तर?”

धुरपताबाईनं पदर सावरला. “हात कापतेत. झोप येत न्हाई. अंगावरून मुंग्या चालल्यासारखं होतं. वय झालं की आता.”

अश्वजित उठून बसला. हात कापणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं सकाळी आईच्या हातातून चहा बशीत सांडायचा आणि तो म्हणायचा, माय म्हातारी झाली.

“उद्या गुरुवार आहे,” सर म्हणाले. “आजीलाही आणा. त्यांची एकदम बंद करू नका, कुठं कुठं त्यात झोपेचं औषध कालवतात. अचानक तोडलं तर फिट येते. आज त्यांना शेजारी कुणाकडं ठेवा, बाटली घरात नको. आणि उद्या थोडी सोबत घेऊन या, नेमकं काय पितात ते डॉक्टरांना कळू दे.”

“सर,” अश्वजित म्हणाला. “एक सांगतो. मला ठाऊकच नव्हतं असं न्हाई. गिलास तोंडाजवळ आल्यावर वास आला. मी म्हणलं, माय देऊन राहिली, माय कशी वाईट देईल. असं म्हणलं अन् पिलो. दुसरा अर्धा तर मीच मागितला.”

धम्मदीपनं बहिणीकडं बघितलं. प्रियदर्शनीनं वहीतली ती ओळ पुरी केली. ‘शिंदी, दीड गिलास.’ मग ‘मागून घेतली’ असंही लिहिलं.

“उद्या डॉक्टर काय म्हणतात ते बघू,” धम्मदीप म्हणाला. “न्हाईतर तिथूनच पुढं. कपडे भरून ठेव, ताई.”

*

सकाळी सातला गाडी निघाली. पुढं धम्मदीप आणि धुरपताबाई. मागं प्रियदर्शनी, अश्वजित आणि दोघांच्या मध्ये कपड्यांची बॅग. डिक्कीत, तीन पिशव्यांत गुंडाळलेली, शिंदीची बाटली.

जन्मात सुपारीही न खाल्लेला धम्मदीप चाळीसच्या पुढं जाईना. नाक्यावर पोलीस दिसला की त्याच्या कपाळावर घाम यायचा.

“मास्तर,” धुरपताबाई म्हणाली, “तुम्ही तर असं चालवून राहिलात जसं काय मढं ठेवलंय मागं.”

नरसीच्या अलीकडं डिक्कीत फट्ट आवाज झाला.

बाटलीचं झाकण उडालं होतं. धम्मदीपनं गाडी कडेला घेतली, फडक्यानं पुसलं, पाणी ओतलं, झाकण पुन्हा लावलं. पण वास गाडीत शिरला तो शिरलाच. आंबट, गोडसर. काचा खाली केल्या तरी जाईना.

पाच मिनिटं अश्वजित डोकं बाहेर काढून बसला. मग म्हणाला, “थांबव.”

“काय झालं?”

“तोंडाला पानी सुटून राहिलंय माझ्या. थांबव.”

नरसीच्या फाट्यावर तो उतरला. “तुम्ही व्हा म्होरं. मी बसनं येतो.”

“मी येते संगं,” प्रियदर्शनी म्हणाली.

“नको. तू मायजवळ बस.”

धम्मदीपनं इंजिन बंद केलं नाही. फाट्यावर एका अंगाला हॉटेलं होती, दुसऱ्या अंगाला देशी दारूचं दुकान. दोघांनीही ते बघितलं.

“दाजी, पळून गेलात तर?”

“तर तुझं खरं.”

“हे काय बोलणं झालं?”

“मास्तर,” पुढच्या सीटवरून धुरपताबाई म्हणाली, “चला. बारक्या लेकराला बी एकटं उभं राहू द्यावं लागतं.”

*

ओपीडीत नऊ वाजून चाळीस मिनिटांनी अश्वजितचा नंबर पुकारला. अश्वजित नव्हता.

“मागं टाका,” प्रियदर्शनी म्हणाली.

नऊ पन्नासला धम्मदीप गेटवर जाऊन आला. दहाला पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तो तिथंच उभा राहिला. प्रियदर्शनीच्या फोनवर नवऱ्याचा नंबर होता, अंगठा त्यावर होता, तिनं दाबला नाही.

दहा वाजून बारा मिनिटांनी गेटातून दोघं आले. अश्वजितचा शर्ट पाठीला चिकटला होता. धम्मदीपनं त्याला तोंड उघडायला सांगितलं नव्हतं. फक्त धम्मदीपच्या हातातली पाण्याची बाटली आता अश्वजितच्या हातात होती.

“पहिली बस भरून आली,” अश्वजित बायकोला म्हणाला. “दुसरीला उभ्यानं आलो.”

*

डॉक्टर मॅडमनी नाडी, रक्तदाब बघितला. वहीतलं पान वाचलं. ‘मागून घेतली’ वर पेन थांबवून त्यांनी विचारलं, “हे कुणी लिहायला लावलं?”

“कुणी न्हाई. मीच सांगितलं.”

“बरं. ती गोळी दोन आठवडे बंद. तिचा असर अजून अंगात आहे, त्यामुळं शिंदी, दारू काहीच नको. तोवर तलफ कमी करणारी दुसरी देते. पंधरा दिवसांऐवजी दर आठवड्याला यायचं आणि बुधवारचा गट चुकवायचा नाही. चालेल?”

“म्हंजे घरीच?”

“घरीच.”

धम्मदीप दारात उभा होता. “मॅडम, म्हणजे ह्यांना शिक्षा काहीच नाही?”

“सर, तुमच्या वर्गातल्या पोराचा ताप उतरून पुन्हा चढला तर तुम्ही त्याला कोंडता का?”

धम्मदीपनं थोडा विचार केला. मग बाहेर आला आणि प्रियदर्शनीच्या मांडीवरची कपड्यांची बॅग उचलली. “गाडीत ठेवतो. उगं कशाला धरून बसलीस.”

*

“धुरपताबाई!”

शिपायानं पुकारलं तेव्हा म्हातारी दचकली. एवढ्या माणसांत आपलं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं तिला सवयीचं नव्हतं. तिनं लेकाचं मनगट धरलं.

“आश्या. मला कोंडतेत काय रं?”

“न्हाई, माय.”

“तुला नेलं तसं?”

“न्हाई. मी हाय ना. आज तपासतील, विचारतील. थोडी थोडी कमी करत आणायची म्हनले सर. लागलं तर चार दिवस वॉर्डात, मी खाटंखाली झोपीन. पर कुलूप न्हाई.”

“अन् शिंदी कुठंय इचारलं तर?”

“मास्तरनं दिली आत. दोन हातानं धरून, अस्थीवानी.”

ती हसली, तोंडाला पदर लावून. मग दाराशी गेली. दवाखान्यात चपला काढायची रीत नव्हती, सगळे चपलांसकट आत-बाहेर करत होते. धुरपताबाईनं उंबऱ्यापाशी दोन्ही चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि मागं बघून म्हणाली, “तू भाईर बस. तुझ्या म्होरं मला बोलता यायचं न्हाई.”

दार लोटलं गेलं.

अश्वजित बाकावर टेकला. शेजारचा माणूस मघापासून त्यांच्याकडं बघत होता. जळकोटहून भावाला घेऊन आला होता, पहिल्यांदाच.

“पेशंट कोण तुमच्यात? आजी का तुम्ही?”

“मी बी हाय,” अश्वजित म्हणाला. “पर आज मी सोबत आलोय.”

दारातून कुणीतरी घाईनं गेलं, एक चप्पल लाथेनं लांब उडाली. अश्वजित उठला. ती चप्पल आणली, दुसरीशेजारी ठेवली. मग दोन्ही उचलून आपल्या बाकाखाली, आपल्या पायांच्या मध्ये घेतल्या आणि दाराकडं तोंड करून बसला.